जुहूची घरे आणि त्यांचे वारस

जुहूला इस्कॉनच्या मंदिराकडे जायचे असेल तर रिक्षावाल्याला ‘गांधीग्राम रस्ता’ एवढे सांगितले की पुरते. रस्त्याला हे नाव का पडले, असे सहसा कोणी विचारत नाही. महात्मा गांधींच्या नावाचे रस्ते गावोगाव आहेत, त्यांतलाच हा एक असेल, असे समजून प्रवासी मंदिराच्या दारात उतरतो. प्रत्यक्षात या नावामागे एक घर आहे. समुद्रकाठी, शहरापासून दूर, एका व्यापारी कुटुंबाने बांधलेले हे घर. गांधीजींच्या आयुष्यातील दोन बिकट प्रसंगी त्यांना इथेच विसावा मिळाला. रस्त्याला नाव उरले. ते घर पाहायला मात्र आज कोणी जात नाही.

ज्या काळात हे घर उभे राहिले, त्या काळचे जुहू हे मुंबई नव्हते. साष्टी बेटाच्या पश्चिम अंगाला वाळूचा एक लांबट पट्टा, मागे भरतीच्या पाण्याची खाडी आणि पुढे अरबी समुद्र, असे हे गाव होते. ओहोटी लागली की खाडीच्या पात्रातून चालत यावे, भरती आली की थांबावे. भंडाऱ्यांची माडाची झाडे, कोळ्यांच्या होड्या, आगऱ्यांचा मिठाचा व्यवहार आणि पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची घरे, एवढीच वस्ती. जमशेटजी टाटांना १८९० च्या दशकात या वाळूत भविष्य दिसले. त्यांनी इथे जमीन घेऊन बंगला बांधला आणि जुहू तारा भागात १२०० एकरांवर एकेक एकराचे ५०० भूखंड पाडून समुद्रकाठचे विहारस्थान वसवण्याची योजना आखली. तिथवर पोहोचता यावे म्हणून माहीमची वाट सांताक्रूझपर्यंत वाढवावी, हाही त्या योजनेचा भाग होता. १९०४ मध्ये जमशेटजी निवर्तले आणि योजना मागे पडली. पण शहरातील धनिकांनी जुहूला येऊन हवापालटासाठी घर बांधावे, ही कल्पना मात्र रुजली. पेढी फोर्टात, राहते घर गिरगाव-मलबार हिलकडे आणि विसाव्याचे घर जुहूला, अशी तीन ठिकाणांची रीत पुढल्या पिढीने स्वीकारली.

नरोत्तम मोरारजी हे या रीतीतले मोठे नाव. ते भाटिया समाजाचे, गिरणीमालक मोरारजी गोकुळदासांचे पुत्र. जैन वाचकांना त्यांची ओळख दुसऱ्या बाजूने अधिक जवळची वाटेल. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, आणि त्या तारखेची आठवण म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून पाडून भारतीय जहाजे समुद्रातून हद्दपार करण्याचा चंग बांधला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. असा धंदा करणाऱ्याचे घर राजकारणापासून अलिप्त राहणे शक्यच नव्हते.

१९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आंत्रपुच्छाचा विकार बळावल्यामुळे १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली. शरीर अगदी क्षीण झाले होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते जुहूला नरोत्तम मोरारजींच्या ‘पाम बन’ नावाच्या बंगल्यात आले आणि मे अखेरपर्यंत राहिले. या काळातल्या त्यांच्या पत्रांवर पत्ता आहे ‘पोस्ट अंधेरी’. जुहूची ओळख पोस्टखात्यालाही अंधेरीच्या आधाराने करून द्यावी लागे, एवढे ते आडबाजूला होते.

विश्रांतीसाठी निवडलेल्या त्या घरात विश्रांती कितपत झाली, हा प्रश्नच आहे. एप्रिलच्या आरंभी गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादन पुन्हा हाती घेतले. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी तुरुंगात सांगून लिहवून घ्यायला सुरुवात केली होती. त्याची प्रस्तावना जुहू मुक्कामी लिहिली गेली. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास हे दोघे स्वराज्य पक्षाचे नेते कायदेमंडळात जावे की न जावे या वादाचा निकाल लावायला इथेच आले. कित्येक दिवस चर्चा चालली, मतभेद मिटले नाहीत, आणि मे महिन्यात दोन्ही बाजूंनी आपापली निवेदने प्रसिद्ध केली. काँग्रेसच्या इतिहासातील एक महत्त्वाचा फाटा अशा रीतीने एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर फुटला.

वीस वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला. आगाखान पॅलेसच्या कैदेत महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा हे दोघे गेले. ६ मे १९४४ रोजी खचलेल्या प्रकृतीचे गांधीजी बाहेर आले आणि काही दिवसांतच मोरारजी कुटुंबाच्या जुहूच्या बंगल्यावर आले. नरोत्तमभाई तोवर हयात नव्हते. त्यांचे पुत्र शांतिकुमार आणि सून सुमतीबाई यांनी आतिथ्य केले. विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा चित्रपट गांधीजींनी पाहिला तो याच मुक्कामात. सुमतीबाई पुढे सिंदिया कंपनीच्या सर्वेसर्वा झाल्या. १९६५ साली एका वृद्ध संन्याशाला त्यांनी कंपनीच्या ‘जलदूत’ या मालवाहू जहाजावरून अमेरिकेस जाण्याची सोय करून दिली. त्याच भक्तिवेदान्त स्वामींनी स्थापलेल्या संस्थेचे जुहूचे मंदिर १९७८ मध्ये उघडले. गांधीग्राम रस्त्यावरून मंदिराकडे जाणारा भाविक नकळत एकाच घरच्या दोन आठवणींच्या मधून चालत असतो.

आता दुसरे घर पाहू. तेही व्यापाऱ्याचेच आणि तिथला पाहुणाही तोच. गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवन हे जवाहिऱ्यांच्या एका जैन कुटुंबाचे, रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. रेवाशंकरभाईंची जवाहिराची पेढी म्हणजे तीच, जिच्यात श्रीमद् राजचंद्र भागीदार होते. गांधीजी १८९१ मध्ये विलायतेहून परतले तेव्हा ज्या मेहता कुटुंबात त्यांची राजचंद्रांशी भेट झाली, त्या डॉ. प्राणजीवन मेहतांचे रेवाशंकरभाई हे बंधू. १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आले की मणिभवनात उतरत. एप्रिल १९१९ मध्ये सरकारची परवानगी न घेता काढलेले ‘सत्याग्रही’ पत्रक इथलेच. दूध न घेण्याचे व्रत मोडू न देता शेळीचे दूध सुचवण्याची कस्तुरबांची युक्ती इथलीच. दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज ऐकून गांधीजी कापूस पिंजायला शिकले, तेही इथेच. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना उचलले ते याच घराच्या गच्चीवरून.

हे घर वाचले. आपोआप वाचले नाही. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ते ताब्यात घेतले आणि तिथे संग्रहालय व ग्रंथालय उभे केले. ग्रंथसंग्रह आता सुमारे ५० हजारांच्या घरात आहे. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग मुंबईला आले तेव्हा त्यांनी हॉटेलाऐवजी या घरात मुक्काम केला. २०१० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा येऊन गेले. कोणाची ओळख न सांगता, एखादा शाळकरी मुलगाही आज वरच्या मजल्यावरील ती साधी खोली पाहू शकतो. जुहूला असे काही उभे राहिले नाही. गांधीजी दोन्ही ठिकाणी सारखेच राहिले, दोन्ही यजमान सारख्याच आदराने त्यांना जपत होते, आणि दोन्ही घरांत घडलेल्या घटनांचे वजनही फारसे कमीजास्त नाही. फरक पडला तो एवढाच की एका घराबाबत, आठवणी ताज्या असताना आणि माणसे हयात असताना, हे पुढे काय व्हायचे याचा निर्णय कोणीतरी घेतला आणि तो कागदावर उतरवला.

व्यापारी माणूस मालाचा साठा कधी काढायचा हे जाणतो, उधारी कधी बुडाली म्हणायची हेही जाणतो; घराच्या बाबतीत मात्र तो हा हिशेब पुढल्या पिढीवर ढकलतो. ती पिढी सात जणांची होते, सात जणांचे सात वकील होतात, आणि शेवटी सर्वांना मान्य होणारा एकच तोडगा शिल्लक राहतो, तो म्हणजे विकासकाचा धनादेश.

जुहूतच याला एक सुखद अपवाद आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी समुद्राजवळ साधी घरे बांधली आणि पत्नी जानकीदेवींच्या नावावरून त्या जागेला ‘जानकी कुटीर’ म्हटले. पृथ्वीराज कपूर यांनी १९६२ मध्ये इथला एक भूखंड भाडेपट्ट्याने घेतला. आपल्या फिरत्या नाटक मंडळीला हक्काचे ठिकाण असावे हे त्यांचे स्वप्न. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पट्टा संपल्यावर कुटुंबाने जमीन विकत घेतली, आणि शशी व जेनिफर कपूर यांनी ५ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे पृथ्वी थिएटर उघडले. जुनी घरे जशीच्या तशी राहिली असे नव्हे. पण त्या आवाराला रोजचे काम मिळाले. संध्याकाळी तिकिटाची रांग लागते, चहाचे पेले फिरतात, पोरे दाराशी संहिता पाठ करत बसतात. अशा जागेवर कुऱ्हाड चालवायची तर आधी या सगळ्यांना उठवावे लागते, आणि ते सोपे नसते.

भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ची गोष्टही याच जातीची. राजाबाई टॉवरसाठी दोन लाख रुपये देणारे आणि आपल्या आईचे नाव मुंबईच्या आकाशावर कोरणारे प्रेमचंद रायचंद हे जैन समाजाचे भूषण. टॉवर तर सर्वांना ठाऊक आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या दृष्टिहीन राजाबाईंना वेळ कळावी म्हणून घंटा, ही आख्यायिका प्रत्येक घरात सांगितली जाते. पण ज्या बंगल्यात कापसाच्या तेजीत मुंबईचा बाजार हलत असे, त्या प्रेमोद्यानात पुढे मुलींची शाळा भरू लागली, हे किती जणांना माहीत असेल? शेटजींच्या नातवंडांची नव्हे, पण शेकडो मुलींची पावले त्या जिन्यावर वाजत राहिली.

आता कायद्याकडे वळू, कारण घराचा विषय निघाला की जुहूतील बैठकीत पहिला प्रश्न येतो तो भीतीचा: ‘घर हेरिटेजमध्ये गेले तर?’

बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली २१ एप्रिल १९९५ रोजी मंजूर झाली. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ क्रमांकाचा हा नियम; भारतातील शहरांत अशी तरतूद करणारे मुंबई हे पहिले शहर. पुढे नव्या नियमावलीत तो ५२ क्रमांकाने आला. सहाशेंहून अधिक वास्तू व परिसर यादीत घातले गेले आणि त्यांच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू. तिथे वास्तूचे आयुष्य वाढवण्यासाठी अत्यावश्यक तेवढेच काम करता येते. दुसऱ्या श्रेणीत आतून बदल करता येतात, वापर बदलता येतो, मात्र बाह्यरूप जपावे लागते. तिसऱ्या श्रेणीत बंधने आणखी सैल आहेत. परवानगीसाठी मुंबई वारसा संवर्धन समितीचे मत घ्यावे लागते. यादीत आलेल्या मालकाला न वापरता येणारे बांधकामाचे हक्क बाजारात विकण्याची, म्हणजे टीडीआरची, सोयही नियमात आहे. हे शेवटचे वाक्य बैठकीत सहसा उच्चारले जात नाही. भीती मात्र पुरेपूर उच्चारली जाते. २०१२ मध्ये यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा दादर-शिवाजी पार्कपासून अनेक ठिकाणी मालकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी विरोधाची फळी उभारली, आणि त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी महिनोन्महिने कागद फिरवावे लागतात. कारागीर मिळत नाहीत. जुन्या भाडेकरूंचे भाडे एका महिन्याच्या विजेच्या बिलालाही पुरत नाही. बंधन सरकारचे आणि खर्च मालकाचा, अशी वाटणी झाली की कायदा मालकाला शत्रू वाटू लागतो.

आणि यादीबाहेरच्या घराला तर एवढाही आडोसा नसतो. मलबार हिलवरील ‘मेहरांगीर’ हे डॉ. होमी भाभांचे घर. १९६६ मध्ये मों ब्लांवरील विमान अपघातात ते गेल्यानंतर त्यांचे बंधू जमशेद यांनी ते जपले आणि आपल्या मागे आपणच उभ्या केलेल्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राला, एनसीपीएला, ठेवून दिले. २०१४ मध्ये लिलावात त्याला ३७२ कोटी रुपयांची बोली लागली. अणुसंशोधन केंद्रातील कर्मचाऱ्यांनी स्मारकासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. २०१६ मध्ये घर पाडले गेले. यात कोणी खलनायक नाही. दान घेणाऱ्या संस्थेला पैशाची गरज होती, घेणाऱ्याने रीतसर मोल दिले. जमशेदजींच्या दानपत्रात घर दिले गेले. घराचे काय करायचे ते दिले गेले नाही, असेच या व्यवहाराकडे पाहून वाटते.

जुहूला तर एका विचित्र योगायोगाने संरक्षण मिळाले आहे. १९२८ मध्ये इथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून उतरवले ते याच धावपट्टीवर. विमाने उतरायची म्हणजे आसपासची घरे उंच नकोत. पुढे लष्कराच्या बिनतारी केंद्राभोवती ४५७ मीटरच्या आत इमारतीची उंची १५.२४ मीटरपेक्षा अधिक नको, असे १९७६ च्या अधिसूचनेने ठरले. १९९१ पासून किनारा नियमन आले. या तिन्ही बंधनांबद्दल जुहूतील गृहनिर्माण संस्था वर्षानुवर्षे तक्रार करीत आल्या आहेत, आणि चार मजल्यांच्या मोडकळीस आलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाचे दुःख खरेही आहे. तरीही जुहूच्या गल्ल्यांत अजून बैठे बंगले, आवारातले माड आणि कुंपणावरची बोगनवेल दिसते, तिचे श्रेय वारशाच्या प्रेमाला नसून विमानाच्या पंखांना आहे. असे संरक्षण एका अधिसूचनेने येते आणि दुसऱ्या अधिसूचनेने जाते.

मग मालक आणि कायदा यांचे सख्य कुठे जुळले आहे काय? या प्रश्नावर फ्रान्सच्या खेड्यांकडे पाहणे उपयोगी ठरते. तिथल्या ग्रामीण भागात ‘मान्वार’ नावाची घरे विखुरलेली आहेत. राजवाडा नव्हे, किल्ला नव्हे. गावच्या छोट्या जमीनदाराचे दगडी घर, शेजारी धान्याची कोठारे, फळबाग आणि बहुधा एक गोल मनोरा, ज्यात कबुतरे पाळली जात. आपल्याकडचा देशमुखी वाडा डोळ्यांपुढे आणला की कल्पना येईल. त्या कबुतरांच्या मनोऱ्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण चबुतरा बांधणाऱ्या समाजाला त्याचे नवल वाटेल. आपल्याकडे चबुतरा जीवदयेसाठी. धनिकाने स्वतःचे धान्य पाखरांना घालायचे. तिथे कबुतरे पाळणे हा जमीनदाराचा खास अधिकार होता, पाखरे शेतकऱ्याच्या शेतातले दाणे टिपत आणि शेवटी जमीनदाराच्या ताटात जात. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री क्रांतिकारक सभेने सरंजामी हक्क रद्द केले तेव्हा त्यांत हा कबुतरांचा हक्कही होता. मनोरे मात्र राहिले, आणि आज त्यांचीही वारसा म्हणून डागडुजी होते.

क्रांतीनंतर अशी अनेक घरे लुटली गेली, दगडांच्या खाणी म्हणून विकली गेली. कायदा यायला वेळ लागला. ३१ डिसेंबर १९१३ चा कायदा तिथल्या संरक्षणाचा पाया आहे. त्यात दोन पायऱ्या आहेत, एक कडक आणि एक सौम्य. संरक्षित वास्तूंची संख्या आज सुमारे ४५ हजार आहे आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी मालकीच्या आहेत. संरक्षित घरात विचारल्याशिवाय बदल करता येत नाही; पण दुरुस्तीच्या खर्चात सरकार वाटा उचलू शकते आणि करात सवलत देते, विशेषतः मालकाने घर लोकांना पाहायला खुले केले तर. १९८४ पासून दर सप्टेंबरात अशी घरे सर्वांसाठी उघडतात. २०१८ पासून मोडकळीस आलेल्या वास्तूंसाठी एक खास सोडतही निघते. तिकीट घेणाऱ्याच्या पैशातून कुठल्या तरी खेड्यातले छप्पर शाकारले जाते. सोडत हा प्रकार या मासिकाच्या वाचकांना रुचणार नाही. पण पैसा कुठून आणायचा याचा विचार झाला आहे, एवढे त्यातून कळते.

यापेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. जोआशिम कार्व्हालो नावाच्या एका स्पॅनिश डॉक्टराने १९०६ मध्ये विलांद्री हा मोडका वाडा विकत घेतला, त्याच्या बागा पुन्हा वसवल्या आणि लोकांना दार उघडून दिले. पुढे त्याने अशा घरांच्या खासगी मालकांची संघटना काढली. छपराचा कारागीर कुठे मिळेल, कराचा कागद कसा भरावा, सरकारशी बोलताना कोणती मागणी धरावी, हे मालकांनी एकमेकांना सांगायचे. ही संघटना आजही काम करते आहे. ती स्थापन झाली १९२४ मध्ये, ज्या वर्षी जुहूच्या बंगल्यात गांधीजी प्रकृती सावरत होते. सरकारने वारसा जपावा असे म्हणत तिथले मालक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी आपले महाजन उभे केले.

महाजन, पांजरपोळ, धर्मशाळा, भोजनशाळा. संघटना करून एखादी वास्तू पिढ्यान्‌पिढ्या चालवणे जैन समाजाला कोणी शिकवायला नको. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धारात आठपट पुण्य, हे वचन व्याख्यानात वारंवार कानांवर येते. पण तो न्याय मंदिराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. घराच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. आणि मंदिराच्या बाबतीतही नेहमी सांभाळला गेला आहे असे नाही. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी घुमट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताने आणि त्याच्या भावाने १९१६ मध्ये तो संग्रहालयाला दिला. याच डी फॉरेस्टने अहमदाबादच्या हठीसिंग घराण्यातील मगनभाईंबरोबर लाकडी कोरीव कामाचा कारखाना काढला होता, आणि त्या कारागिरांच्या हातचे काम अमेरिकेतील घरांत आजही आहे. घुमट न्यूयॉर्कला सुरक्षित आहे. हजारो लोक तो पाहतात. पाटणला मात्र तो नाही.

जुहूतील पुष्कळ कुटुंबांचे एक घर कच्छ, काठियावाड, मारवाड, खानदेश किंवा सोलापूरकडे असते. ओसरीचे कोरीव खांब, पितळी कड्यांचे दार, माळ्यावरच्या वह्या. वर्षातून एकदा, देवदर्शनाच्या निमित्ताने, कुलूप उघडले जाते. गावातला कोणीतरी सांगतो की छप्पर बसले. कोणीतरी दाराला गिऱ्हाईक आणतो. त्या दाराचे मोल भंगारात किती आणि परदेशी दुकानात किती, यातले अंतर दलालाला ठाऊक असते, मालकाला नसते.

अशा घराबाबत वकिलाकडे जाण्यापूर्वीच करता येण्याजोगी काही कामे आहेत, आणि त्यांना फारसा खर्च नाही. घराचे मोजमाप घेऊन नकाशा काढून घ्यावा. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी हे काम अभ्यास म्हणून आवडीने करतात. प्रत्येक खोलीची, प्रत्येक खांबाची छायाचित्रे तारीख घालून ठेवावीत. जुन्या वह्या, पत्रे, खरेदीखते पोटमाळ्यावरून खाली आणून वाळवी लागण्याआधी एखाद्या अभ्यासकाला दाखवावीत. मुंबईत असेल तर वारसा समितीकडे, महाराष्ट्राच्या इतर भागांत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. चौकशी केल्याने घर जप्त होत नाही. आणि मृत्युपत्रात किंवा विश्वस्तपत्रात केवळ ‘घर अमक्यास द्यावे’ एवढे न लिहिता, त्याचा वापर काय व्हावा, दुरुस्तीचा पैसा कोणत्या रकमेच्या व्याजातून यावा आणि ते विकता येईल की नाही, हेही लिहावे. वर्षातले दोन दिवस दार उघडे ठेवता आले तर उत्तम.

यांतील बहुतेक कामे घरातील ज्येष्ठ व्यक्ती हयात असतानाच होऊ शकतात. कोणत्या खोलीत कोण उतरले होते, अंगणातले झाड कोणी लावले, देवघराच्या भिंतीमागचा कोनाडा कशासाठी होता, हे त्यांनाच माहीत असते. येत्या सुट्टीत नातवंडे गावी जातील तेव्हा त्यांच्याजवळ छायाचित्रे काढायला फोन असेलच. आजोबांना खुर्ची घालून अंगणात बसवले, आणि एकेका दाराकडे बोट दाखवून विचारले, की काम सुरू झाले.